परत आलेले वाद्य ऑनलाइन घेताना: निवड, तपासणी आणि मुदत

दिवाळी उलटली की नाशिकच्या इंदिरानगरमधल्या माझ्या गायनवर्गात एक प्रश्न हमखास येतो. एखादे पालक मोबाइल पुढे करतात. पडद्यावर साडेतीन सप्तकांची पेटी (हार्मोनियम) असते, मूळ किंमत खोडून खाली चार-पाच हजारांनी कमी आकडा दिलेला असतो, कोपऱ्यात ‘ओपन बॉक्स’ अशी चिठ्ठी असते आणि पालक विचारतात, ‘बाई, घेऊन टाकू का?’ सणासुदीच्या मोठ्या विक्रीत गेलेल्या मालापैकी काही माल पुढच्या महिना-दीड महिन्यात परत येतो आणि तोच पुन्हा उतरलेल्या भावाने विकायला निघतो, त्यामुळे हा प्रश्न याच दिवसांत येणे स्वाभाविक आहे.

अशा खरेदीत उत्तम वाद्य मिळू शकते, हे मी अनुभवाने सांगते. पण सवलतीच्या रकमेकडे बचत म्हणून पाहण्याआधी तिच्याकडे दुरुस्तीचा आगाऊ निधी म्हणून पाहावे, आणि वाद्याबरोबरच ते परत करण्याची मुदतही आपण विकत घेत आहोत हे ध्यानात ठेवावे. मुदतीचा एकेक दिवस तपासणीसाठी वापरायचा असतो. ती तयारी नसेल तर चार पैसे जास्त देऊन दुकानातून नवे वाद्य घेणेच हिताचे ठरते.

चिठ्ठीवरचे शब्द नीट वाचा

‘ओपन बॉक्स’ म्हणजे खोके उघडले गेलेला माल. एखाद्या ग्राहकाने मागवले, उघडले, दोन दिवस वाजवले किंवा नुसतेच पाहिले आणि परत पाठवले, असे वाद्य या नावाखाली येते. ‘रिफर्बिश्ड’ म्हणजे दोष निघाला म्हणून दुरुस्त केलेले वाद्य. ते कोणी दुरुस्त केले, कंपनीने की विक्रेत्याच्या गोदामात कोणी, हा त्यातला कळीचा प्रश्न असतो. ‘बी-स्टॉक’ हा शब्द प्रामुख्याने गिटार आणि कीबोर्डच्या विक्रेत्यांकडे आढळतो. रंगातला डाग, ओरखडा किंवा फाटलेले खोके एवढ्यापासून ते परत आलेल्या मालापर्यंत काहीही त्यात मोडू शकते. ‘डेमो पीस’ दुकानात ठेवलेला असतो आणि त्यावर असंख्य बोटे फिरलेली असतात. या शब्दांची सर्वांना बंधनकारक अशी एकच व्याख्या नाही, म्हणून प्रत्येक विक्रेत्याच्या पानावर त्याने दिलेली व्याख्या शोधून वाचावी, आणि ती सापडत नसेल तर तिथून खरेदी करू नये.

येथे एक घोटाळा मी वारंवार पाहिला आहे. ‘ओपन बॉक्स’ माल आणि ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात माल नवाच असतो, फक्त माल पोचवणारा माणूस दारात आपल्या समक्ष खोके उघडून दाखवतो आणि मगच आपण ओटीपी द्यायचा असतो. पहिल्या प्रकारचा माल दुसऱ्या पद्धतीने मिळत असेल तर तो दुग्धशर्करा योग समजावा. मात्र दाराशी घाई होते म्हणून आत न पाहता ओटीपी देऊन टाकला तर त्या सोयीचा काहीच उपयोग राहत नाही.

‘फक्त एकच शिल्लक’ किंवा ‘आणखी सात जण पाहत आहेत’ अशा ओळींनी गोंधळून जाऊ नये. परत आलेले वाद्य खरोखरच एकुलते एक असू शकते, पण खोटी घाई निर्माण करून ग्राहकाला निर्णय घ्यायला लावणे हे केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निषिद्ध प्रथांमध्ये मोडते. रात्री अकरा वाजता दिसलेली पेटी सकाळी गेलेली असेल तर जाऊ द्यावी. पुढच्या आठवड्यात दुसरी येते.

कोणते वाद्य असे घ्यावे आणि कोणते घेऊ नये

कीबोर्ड आणि डिजिटल पियानो या वाटेने घेण्यास सर्वांत सोयीचे असतात. एका मॉडेलचे सगळे नग सारखे बनतात, त्यामुळे दोष असला तर तो बहुधा स्पष्ट असतो: पट्टी वाजते किंवा वाजत नाही, स्पीकर खरखरतो किंवा खरखरत नाही. गिटार दुसऱ्या क्रमांकावर येते, कारण तिच्यातले बरेचसे दोष साध्या जुळवणीने सुटतात आणि जे सुटत नाहीत ते डोळ्यांना दिसतात. पेटी घेता येते, पण ती कानाने आणि सबुरीने तपासावी लागते; तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिते.

तबला-डग्गा, तंबोरा आणि सतार परत आलेल्या मालातून घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. तबल्याची पुडी म्हणजे ताणलेले कातडे. गोदामातून ग्राहकाकडे, तिथून परत गोदामात आणि मग आपल्याकडे असा प्रवास करताना ते कधी दमटपणात सैल पडते तर कधी कोरड्या हवेत ताठरते. शाईला (पुडीवरच्या काळ्या गोलाला) तडा गेला, तिचा टवका उडाला किंवा वादी (पुडी ताणणारी चामड्याची दोरी) एका बाजूला ओढली गेली, तर पुडीच्या कडेच्या सोळा घरांतून एकसारखा सूर येत नाही, आणि पुडीच बदलायची झाल्यावर सवलत तिथेच संपते. शिवाय तबला ठरावीक स्वरासाठी घ्यायचा असतो. लहान तोंडाचा तबला उंच स्वराला बोलतो आणि मोठ्या तोंडाचा खालच्या, आणि जाहिरातीत स्वर लिहिलेला असला तरी तो प्रत्यक्षात लागतो की नाही हे समोर बसून थाप मारल्याशिवाय कळत नाही. तंबोऱ्याचा भोपळा तर हलक्या दणक्यानेही तडकतो, आणि त्याची जवारी (तारेला गुंजन देणारी घोडीची घडण) वाजवणाऱ्याच्या कानाला रुचेल अशी लावून घ्यायची असते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्या कारागिरांच्या हातामुळे. तो हात ज्याला हवा त्याने मिरजेला जावे, निदान कारागिराशी फोनवर बोलून वाद्य करून घ्यावे.

पैशांचा हिशेब

छापील किमतीवरून सवलत मोजू नये, कारण छापील किमतीला वाद्य क्वचितच विकले जाते. आधी तेच मॉडेल, किंवा पेटी असेल तर त्याच प्रतीची पेटी, नाशिकच्या दोन दुकानांत प्रत्यक्ष किती रुपयांना मिळते हे विचारून घ्यावे. समजा, नवी पेटी दुकानात १८,००० रुपयांना मिळते आणि परत आलेली ऑनलाइन १३,५०० रुपयांना दिसते. फरक ४,५०० रुपयांचा. यातून सूर मिळवून घेण्याचा खर्च, पेटीबरोबर कव्हर येत नसेल तर त्याचा खर्च, आणि कारागिराकडे नेण्या-आणण्याचे रिक्षाभाडे वजा करावे. हे सगळे जाऊन दोन हजार रुपयेही हाती राहत नसतील तर मी पालकांना दुकानात पाठवते, कारण दुकानदार समोर असतो, पेटी वाजवून घेता येते आणि सहा महिन्यांनी सूर हलला तर त्याच्याकडे परत जाता येते. माझा साधा ठोकताळा असा की प्रत्यक्ष बाजारभावापेक्षा किमान पाचव्या हिश्श्याने स्वस्त नसलेले परत आलेले वाद्य घेण्यात अर्थ नाही.

हिशेबात आणखी एक रक्कम बहुतेक जण धरत नाहीत, ती म्हणजे परत पाठवण्याचे भाडे. काही विक्रेते माल स्वतः उचलून नेतात आणि काही ग्राहकाला स्वतःच्या खर्चाने पाठवायला सांगतात. कुरिअरचे भाडे प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांतले जे जास्त त्यावर आकारले जाते, आणि मोठ्या वाद्याचे बहुधा आकारमानाचेच जास्त भरते. बऱ्याच कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार ५,००० ने भागतात. ७५, ४५ आणि ४० सेंटिमीटरच्या खोक्याचे असे वजन २७ किलो भरते, मग आतली पेटी त्याच्या निम्म्या वजनाची का असेना. म्हणून ‘परत नेण्याचा खर्च कोणाचा?’ याचे उत्तर मागवण्यापूर्वीच लेखी मिळवावे.

मागवण्यापूर्वी विचारायचे ते

पहिला प्रश्न: वाद्य परत का आले? बहुतेक विक्रेते साचेबद्ध उत्तर देतात, तरीही विचारावे, कारण कधी कधी गोदामातला माणूस खरे कारण लिहून पाठवतो. ‘ग्राहकाला दुसरा रंग हवा होता’ आणि ‘आवाजाची तक्रार’ या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुसरी मागणी त्याच नगाच्या फोटोंची करावी. पानावरचे फोटो पुष्कळदा नव्या मालाचे असतात, म्हणून अनुक्रमांक दिसेल असा फोटो मागावा आणि तो जपून ठेवावा.

त्यानंतर परतीची अट वाचावी, आणि ती शब्दशः वाचावी. ‘सात दिवसांत फक्त बदलून मिळेल’ असे लिहिले असेल तर विचार करावा की परत आलेला नग एकच असतो, मग बदलून काय मिळणार? अशा वेळी विक्रेता पैसे मूळ खात्यात देणार की त्याच्याच दुकानात वापरायचे क्रेडिट देणार, हे आधी ठरले पाहिजे. मुदत माल पोचल्यापासून मोजली जाते की पाठवल्यापासून, हेही पाहावे. कंपनीची वॉरंटी परत आलेल्या मालाला लागू आहे का, असल्यास ती कोणत्या तारखेपासून सुरू होते, आणि विक्रेता त्या कंपनीचा अधिकृत विक्रेता आहे का, याची खात्री कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन करून आणि अनुक्रमांक सांगून करता येते. हा फोन दहा मिनिटांचा असतो आणि कीबोर्डच्या बाबतीत तो टाळू नये.

या सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. माल विकला गेला की ते पान नाहीसे होते, आणि ‘किरकोळ ओरखडे, वाजण्यात दोष नाही’ असे लिहिले होते हे नंतर सिद्ध करणे अवघड जाते. परदेशी विक्रेत्यांकडचा बी-स्टॉक फार स्वस्त दिसतो, पण सीमाशुल्क वस्तूच्या किमतीवर वाहतूक आणि विमा धरून लागते, आणि परत पाठवणे जवळजवळ अशक्य असते. विद्यार्थ्याच्या पहिल्या वाद्यासाठी त्या वाटेला जाऊ नये. आणि कोणी ‘गोदाम रिकामे करत आहोत’ असे सांगून वैयक्तिक क्रमांकावर यूपीआयने पैसे मागत असेल तर तो विक्रेता नव्हे, तो फसवणूक करणारा समजावा. पैसे गेलेच तर तास-दोन तासही न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

शेवटचे, पण माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचे: हे वाद्य नाशिकमध्ये कोण दुरुस्त करील, हे मागवण्यापूर्वी ठरवावे. कारागिराला फोन करून ‘अमुक बनावटीची पेटी घेत आहे, तीन-चार दिवसांत दाखवायला आणली तर पाहाल का?’ एवढे विचारून ठेवावे. पुष्कळदा तो त्याच क्षणी सांगतो की त्या बनावटीचे लाकूड हलके असते किंवा तिचा स्केलचेंजर (पट्ट्यांची फळी सरकवून स्वर बदलण्याची सोय) लवकर ढिला होतो, आणि निम्मा निर्णय तिथेच होतो.

पार्सल दारात आल्यावर

आपल्याकडे येणारा बराचसा माल भिवंडीच्या बाजूच्या गोदामांतून निघतो आणि कसारा घाट चढून येतो. परत आलेल्या वाद्याने हा किंवा असा प्रवास एकदा नव्हे, तीन वेळा केलेला असतो. खोके स्वीकारण्यापूर्वी सहाही बाजूंनी पाहावे; कोपरा दबलेला, ओल लागलेली किंवा चिकटपट्टीवर चिकटपट्टी लावलेली दिसली तर फोटो काढून मगच घ्यावे, आणि फारच वाईट स्थिती असेल तर घेऊच नये.

उघडतानाचे चित्रीकरण एका सलग फितीत करावे. सुरुवातीला पत्त्याची चिठ्ठी आणि पार्सल क्रमांक स्पष्ट दिसू द्यावा, मग खोक्याच्या बाजू, मग चिकटपट्टी कापणे, मग वाद्य बाहेर काढणे आणि शेवटी अनुक्रमांक. मध्ये थांबवलेली फीत अनेक विक्रेते मान्य करत नाहीत, म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी मोबाइल धरायला सांगावे. खोके, थर्माकोल आणि पिशव्या मुदत संपेपर्यंत फेकू नयेत. बिलावर विक्रेत्याचे नाव, जीएसटी क्रमांक आणि वाद्याचा अनुक्रमांक आहे का, आणि तो वाद्यावरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे त्याच दिवशी पाहावे.

दिसणारे दोष पहिल्या दिवशी टिपावेत. सुरांची तपासणी मात्र दुसऱ्या दिवशी करावी. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहा अंशांच्याही खाली उतरतो आणि रात्रभर गाडीत राहिलेले लाकूड व धातू थंडगार झालेले असतात. पावसाळ्यात उलट लाकडाने ओल धरलेली असते. घरातल्या हवेत एक रात्र काढल्याशिवाय वाद्य आपले खरे रूप दाखवत नाही.

पेटीची तपासणी

येथे माझी स्वतःची एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी वर्गासाठी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून परत आलेली पेटी घेतली. ‘खोके खराब, वाद्य उत्तम’ असे वर्णन होते. उघडली तेव्हा मधल्या सप्तकातल्या सात पांढऱ्या पट्ट्यांवर बोटाला चिकट लागत होते. उजेडात तिरपे धरून पाहिले तर प्रत्येक पट्टीच्या पुढच्या टोकाशी नखाएवढा चौकोन दिसत होता. कोणीतरी आपल्या मुलासाठी सा, रे, ग, म लिहिलेल्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या आणि परत पाठवताना त्या खरवडून काढल्या होत्या. म्हणजे पेटी काही दिवस नक्की वापरात होती. मी ते मनावर घेतले नाही, संध्याकाळी यमन वाजवून पाहिला, आवाज गोड वाटला आणि समाधान मानले. नवव्या दिवशी एक विद्यार्थिनी तार सप्तकात गेली आणि काळी दोन लाटेसारखी हलू लागली. त्या पट्टीच्या दोन्ही रीडांचे (हवेने कंप पावून सूर देणाऱ्या पितळी जिभांचे) सूर एकमेकांपासून सरकले होते. परतीची मुदत सात दिवसांची होती आणि विक्रेत्याने हात वर केले. त्या पेटीत बेचाळीस पट्ट्या होत्या आणि मी त्यांतल्या जेमतेम वीस वाजवल्या होत्या.

म्हणून तपासणी क्रमाने आणि कागद-पेन घेऊन करावी. प्रथम खुंट्या (हवा सोडणारे समोरचे स्टॉप) उघडून, एकही पट्टी न दाबता, भाता हलकेच मारावा. कोणताही सूर आपोआप वाजू लागला तर एखादी पट्टी नीट बसत नाही, तिची स्प्रिंग सैल आहे किंवा लाकूड फुगले आहे. मग सगळ्या खुंट्या बंद करून भाता भरावा आणि हाताला येणारा विरोध जाणवतो का ते पाहावे. पट्टी न दाबताही भाता भराभर मिटत गेला तर हवा कुठून तरी गळते आहे. कान लाकडाच्या सांध्यांपाशी नेला तर फुसफुस ऐकू येते. गळती थोडी असेल तर कारागीर चामडे किंवा कागदपट्टी लावून ती बंद करतो. भात्याच्या घडीतच भेग असेल तर पेटी परत पाठवावी.

नंतर एका वेळी एकच स्टॉप उघडा ठेवून खालपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी वाजवावी. साडेतीन सप्तकांच्या पेटीत ४२ पट्ट्या आणि दोन ओळींच्या मिळून ८४ रीड असतात. खर्ज (खालच्या आवाजाची) आणि नर (त्याहून वरच्या आवाजाची) अशा दोन्ही ओळी वेगवेगळ्या ऐकल्याशिवाय दोष सापडत नाही, कारण एकत्र वाजताना एक रीड दुसरीला झाकते. प्रत्येक पट्टी आधी अगदी हलक्या हवेवर वाजवावी: चांगली रीड लगेच बोलते, आळशी रीड क्षणभर थांबून मग बोलते. मग जोराच्या हवेवर वाजवावी आणि झणझण, खरखर किंवा सूर उतरणे जाणवते का ते ऐकावे. मोबाइलवरचे ट्यूनर ॲप येथे उपयोगी पडते. मधल्या सप्तकातली पांढरी सहा (सहावी पांढरी पट्टी) ४४० हर्ट्झच्या जवळ असावी, आणि बाकीचे स्वर तिच्या प्रमाणात असावेत. सगळीच पेटी एका बाजूला थोडी सरकलेली असेल तर एकल रियाजाला फारसे बिघडत नाही. मात्र काही पट्ट्या वर आणि काही खाली असतील तर कानाला चुकीचे वळण लागते, आणि शिकणाऱ्या मुलासाठी ते फार वाईट आहे.

‘सूर मिळवून घेऊ’ असे म्हणण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी. रीडचा सूर चढवायचा असेल तर कारागीर तिचे मोकळे टोक किंचित खरवडतो, आणि उतरवायचा असेल तर मुळाशी खरवडतो. दर वेळी पितळ थोडे झिजते. एकदा-दोनदा मिळवलेली पेटी वर्षानुवर्षे चालते, पण अनाडी हाताने वारंवार खरवडलेली रीड पातळ होते, सूर धरत नाही आणि शेवटी तुटते. ‘रिफर्बिश्ड’ पेटीबद्दल मी विशेष सावध असते ते याच कारणाने.

कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी दाबणारी सोय) असेल तर तो लावून प्रत्येक पट्टीबरोबर जोडीची पट्टी पूर्ण दबते का ते पाहावे. स्केलचेंजर असेल तर त्याच्या प्रत्येक खाचेत पट्ट्यांची फळी नेऊन किमान एक सप्तक वाजवावे. एखाद्या खाचेत अर्धीच पट्टी उघडते आणि आवाज दबका येतो, हा प्रवासात हललेल्या स्केलचेंजरचा नेहमीचा दोष आहे. पहिल्याच पेटीसाठी मी स्केलचेंजर सुचवत नाही, परत आलेल्या मालात तर मुळीच नाही. पट्ट्यांच्या वरच्या फळीचे स्क्रू स्वतः उघडू नयेत. आत पाहण्याचा मोह होतो, पण ‘ग्राहकाने वाद्य उघडले’ एवढे कारण विक्रेत्याला पुरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेटी कारागिराकडे न्यावी, त्यालाही न उघडता ऐकायला सांगावे, आणि त्याने सांगितलेला खर्च सवलतीच्या रकमेशी ताडून पाहावा.

गिटार आणि कीबोर्ड

गिटारमध्ये सर्वप्रथम मान आणि डोके जिथे जुळते तो भाग मागून, दिव्याच्या तिरप्या उजेडात पाहावा. तारा ताणलेल्या ठेवून पाठवलेली गिटार पडली तर तिथेच केसासारखी भेग जाते, आणि पॉलिशखाली ती सहज लपते. मग ब्रिज (गिटारच्या पोटावर तारा अडकवण्याचा तुकडा) लाकडापासून उचलला गेला आहे का, हे पातळ कागद सरकवून पाहावे. कागद आत जात असेल तर गिटार परत करावी. बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार लाकडी पट्टीपासून नव्हे तर फ्रेटच्या माथ्यापासून किती उंच आहे हे मोजावे. अकूस्टिक गिटारमध्ये दोन ते तीन मिलिमीटर असेल तर ठीक, त्याहून फार जास्त असेल तर मुलाची बोटे दुखतात आणि गिटार कोपऱ्यात जाते. मानेतल्या ट्रस रॉडने (आतल्या धातूच्या सळईने) मानेचा थोडा बाक सुधारतो, पण पिळलेली मान त्याने सरळ होत नाही. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून झणझण कुठे येते ते लिहून ठेवावे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकूड आकसते आणि फ्रेटची टोके कडेने बोटाला बोचू लागतात. तेवढ्यावरून गिटार परत करण्याचे कारण नाही, ती घासून देता येतात.

कीबोर्डमध्ये सगळ्या पट्ट्या हळू आणि जोरात वाजवाव्यात, हेडफोन, पेडल आणि यूएसबीच्या जागा तपासाव्यात, आणि सलग तासभर चालू ठेवावा. परत आलेल्या मालात अडॅप्टर हरवलेला किंवा दुसराच ठेवलेला असणे हा नेहमीचा प्रकार आहे. काही मॉडेलांना ९.५ व्होल्ट लागतात तर काहींना १२, शिवाय टोकाची ध्रुवता (धन-ऋण बाजू) वेगळी असू शकते. म्हणून कीबोर्डच्या मागे छापलेले आकडे आणि अडॅप्टरवरचे आकडे जुळल्याशिवाय वायर लावू नये.

बिनसले तर

दोष सापडला की त्याच दिवशी विक्रेत्याला लेखी कळवावे आणि दोष ऐकू येईल अशी छोटी फीत जोडावी. फोनवर बोलणे झाले तरी नंतर ईमेल करावाच. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देऊन एक महिन्याच्या आत तिचे निवारण करणे अपेक्षित आहे. सवलतीचा माल म्हणून हा हक्क जात नाही. मात्र जो दोष विक्रेत्याने आधीच स्पष्ट लिहिला होता, उदाहरणार्थ झाकणावरचा ओरखडा, त्यावर तक्रार करता येत नाही. स्क्रीनशॉट जपून ठेवण्याचा आग्रह मी यासाठीच धरते.

उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. अनेक प्रकरणे तिथेच मिटतात. तेवढ्याने झाले नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे विक्रेता बेंगळुरूचा असो की दिल्लीचा, नाशिककराला नाशिकमध्येच दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी आयोगाचे शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

दोष लहान असेल, वाद्याचा मूळ आवाज आवडला असेल आणि कारागिरानेही ‘ठेवा, होईल’ असे सांगितले असेल, तर परत पाठवण्याआधी विक्रेत्याकडे किमतीतला काही भाग परत मागावा. वाहतुकीचा दुहेरी खर्च वाचतो म्हणून काही विक्रेते त्यास तयार होतात. ही मागणी मुदत संपायला किमान दोन दिवस असताना करावी, कारागिराने सांगितलेला खर्चाचा आकडा तिच्यात लिहावा, आणि पैसे खात्यात जमा झाल्याचे दिसेपर्यंत खोके माळ्यावर टाकू नये.